झकायो जेवायला येतो

झकायो येणार हे कळल्यावर लाकोतने सगळ्यात आधी तांबडा कोंबडा पकडायला लावला. मग टोपली घेऊन ती परसात गेली आणि मालाक्वांगचा आंबट पाला खुडायला बसली. तिची जाऊ अबालो चुलीपाशी तीळ कुटत होती, तिने कुटणं थांबवलं.

"डोकं फिरलंय का तुझं? झकायोला जेवायला घालणार?"

"दुपारची वेळ आहे. पाहुणा उपाशी पाठवू?"

"अगं, लाबेजाचा सख्खा काका तो!"

"म्हणून तर कोंबडा कापतेय. नाहीतर नुसत्या भाजीवर भागवलं असतं."

अबालोने कपाळाला हात लावला. पण लाकोतने एकदा मनावर घेतलं की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. युद्ध संपून निर्वासितांच्या छावणीतून परत आल्यावर चार बापे कुंपणाची जागा ठरवत वाद घालत बसले होते, तेव्हा ही बाई एकटी कुदळ घेऊन खड्डे खणून मोकळी झाली होती. आज ते कुंपण तिथेच आहे.

लाबेजा नदीपलीकडच्या भावकीतला. रायफल खांद्यावर घेऊन बंडखोरांत गेला तो स्वतःच्या पायांनी. त्याला कुणी पळवून नेलं नव्हतं. पुढे त्यांचा कमांडर झाला. आता तो दूर हेगला, जगातल्या अनेक देशांनी मिळून बसवलेल्या कोर्टासमोर उभा होता. छावण्या जाळल्या, पोरं पळवली, ओझी वाहायला नेलेली माणसं रानात मारून टाकली, असे त्याच्यावर आरोप होते. खटल्याचं चित्रण शाळेच्या मैदानात पडद्यावर दाखवत, आणि सगळं लामोला गाव आपापली चटई घेऊन बघायला जाई. निळ्या सुटातला, वजन वाढलेला लाबेजा कानाला भाषांतराचं यंत्र लावून बसलेला दिसे. "मी रेडिओ दुरुस्त करायचो," एवढंच तो सांगे. लामोलाच्या छावणीवर हल्ला झाला तेव्हा म्हणे तो सुदानात होता.

बाकीच्या आरोपांना साक्षीदार मिळाले होते. लामोलाचा तेवढा लटकत होता. त्या दिवशी झोपड्या पेटल्या होत्या, धुरात कुणाला काही धड दिसलं नव्हतं, आणि ज्यांनी लाबेजाला जवळून पाहिलं ती माणसं परत आलीच नाहीत. लाकोतचा मुलगा किदेगा त्यांतलाच. मक्याचं पोतं डोक्यावर देऊन त्याला रानात नेलं. अठरा-एकोणीस वर्षांचा, मोठ्याने हसणारा, चालताना चपला फटफट वाजवणारा पोरगा. गावाच्या वेशीबाहेर पडल्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

कोर्टाचे लोक आले, गेले. प्रत्येकाने लाकोतला विचारलं, तुम्हाला न्याय हवा आहे ना? लाकोत म्हणायची, "न्याय तुम्ही करा, त्याचा तुम्हाला पगार मिळतो. मला माझा पोरगा कुठे पडलाय तेवढं सांगा." अंगणात नवऱ्याच्या थडग्याशेजारी तिने जागा राखून ठेवली होती. तिथे ती रोज झाडायची, आणि कुणी भोपळ्याचा वेल जरी तिकडे वळवला तरी तोडून टाकायची. न पुरलेला माणूस रानात भटकत राहतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. वारा सुटला की तिला चपलांचा आवाज यायचा, आणि तिला त्या आवाजाची भीती वाटत नसे, फक्त राग यायचा.

आज झकायो येत होता तो लाबेजाच्या वकिलाला घेऊन. खबर आणली होती ओत्तोने. ओत्तो म्हणजे लाकोतचा धाकटा दीर, अबालोचा नवरा आणि सध्या या भावकीचा कर्ता माणूस. पाला खुडून ती परत आली तोवर तो चुलीजवळ येऊन उभा होता.

"वहिनी, नीट ऐकून घे. वकील कॅमेरा घेऊन येतोय. झकायोने आणि मी शेजारी बसून एवढंच सांगायचं, की आपल्या दोन भावक्यांत खुनाचं वैर नाही. बस्स."

"आणि ते कोर्टात दाखवणार."

"दाखवू देत ना. मेलेल्याच्या घरचेच म्हणतायत की आमचा लाबेजावर संशय नाही, असं होईल. आपलं काय जातंय? आपल्याला तरी कुठे खात्री आहे? आयाची सोयरीक पलीकडे अडकून पडलीय. ना हो, ना नाही. किती वर्षं हे असं चालायचं?"

आया ही ओत्तोची थोरली. तिचा जीव पलीकडच्या एका पोरावर होता, हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. लाकोतला ती पोटच्या पोरीसारखी. म्हणून ती दिरावर भडकली नाही.

"वैर नाही म्हणतोस?"

"झकायो शपथेवर सांगतो."

"मग झालं तर! वैर नाही, तर जेवायला हरकत काय? आधी जेवू, मग कॅमेऱ्यापुढे काय बोलायचं ते बोला. मीसुद्धा बोलेन."

ओत्तोचा चेहरा उतरला. दोन घरांत खून पडला असेल तर त्या घरांनी एका भांड्यातलं खायचं नाही, एका मडक्यातलं प्यायचं नाही. आधी मारणाऱ्याने आपल्या तोंडाने कबूल करायचं, भरपाई द्यायची, मग दोन्हीकडच्यांनी हात पाठीमागे धरून, वाकून, ओपुतच्या झाडाचं कडू मूळ कुटून एकाच भोपळ्याच्या तुंब्यातून प्यायचं. त्याआधी जो घास खाईल त्याच्या घरातली पोरं एकेक करून जातात. याची परीक्षा घ्यायला आजवर कुणी धजावलं नव्हतं.

"आणि त्याने खाल्लं तर?" अबालो म्हणाली. "खोटं रेटायला म्हणून खाल्लं तर? शाप काय त्याच्याच घराला लागेल? आपलीही पोरं आहेत, लाकोत."

"तो खाणार नाही."

"तुला काय ठाऊक?"

"आम्ही एका नदीवर पाणी भरत वाढलोय. झकायो खोटं बोलेल. खोटं खाणार नाही." एवढं बोलून तिने पाला उकळत्या पाण्यात टाकला. मनात तिने हे गणित फार आधी मांडून ठेवलं होतं. युद्ध संपून इतकी वर्षं झाली, पण झकायो नदी ओलांडून कधी तिच्या दारात आला नव्हता. लग्नात नाही, मयतात नाही. बाजारात समोर आला तर मिठाच्या दुकानात शिरायचा. एका माणसाला इतकं मीठ लागत नाही.

दुपारी ते आले. वकिलाचं नाव तुम्वीने. पश्चिमेकडचा, पण इथल्या गुलू शहरात शिकलेला. इकडची भाषा त्याला छान येत होती, रीतभात शिकायची राहिली होती. हसतमुख, उंच माणूस, बुटांवर बोटभर लाल धूळ. झकायो त्याच्या मागे काठी टेकत आला. तो चांगलाच वाकला होता. आंब्याखाली मांडलेल्या स्टुलावर तो अर्धाच टेकला.

"कशी आहेस, लाकोत?" त्याने विचारलं. किदेगाची आई म्हणाला नाही, हे तिने ऐकलं.

"मी मजेत. ये, हात धू."

"आधी कामाचं उरकू या," वकील म्हणाला. त्याने तिपाई उभी करून कॅमेरा लावला, बटण दाबलं.

"काम कुठे पळून जातंय, वकीलसाहेब? इतक्या लांबून आलात. उपाशीपोटी शपथ घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही."

वकिलाच्या नाकात मघापासून कोंबड्याच्या रश्शाचा वास शिरत होता. तो लगेच कबूल झाला. आयाने हातावर पाणी घातलं. वकिलाने धुतले, ओत्तोने धुतले. झकायोनेही धुतले, पण बराच वेळ एक हात दुसऱ्यावर चोळत राहिला. लाकोतने मधोमध नाचणीच्या पिठाच्या घट्ट, गरम उकडीची, क्वोनची टोपली ठेवली. शेजारी तिळा-दाण्याच्या कुटात घोटलेला मालाक्वांग, एकाच मोठ्या वाडग्यात. आणि कोंबड्याच्या जठराचा तुकडा, जो घरी आलेल्या सगळ्यात वडील माणसाचा मान असतो, तो तिने स्वतः झकायोपुढे ठेवला. मग ती त्याच्या समोर बसली. सहसा ती पुरुषांच्या पंगतीत बसत नसे.

"मीही तुमच्याबरोबरच जेवते," ती म्हणाली. "वैर नाही ना आपल्यात."

वकील जेवायला लागला. क्वोनचा गोळा मोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा, भाजी उचलायची. हे त्याला बरोबर जमत होतं. "मावशी, अशी भाजी कंपालात कुठे मिळत नाही हो," तो म्हणाला. त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. ओत्तो घास हातात धरून झकायोकडे बघत होता. अबालो दारात उभी होती.

झकायोने क्वोनचा तुकडा मोडला. बोटांत फिरवला. वाडग्यात बुडवला.

लाकोतनेही तुकडा मोडला आणि त्याच वाडग्यात, त्याच्या बोटांशेजारी बुडवला. आयाचं हसू, ओत्तोची धाकटी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पण हात तिने मागे घेतला नाही. "उचल की," ती म्हणाली. "थंड होतंय."

झकायोने घास उचलला. तोंडापर्यंत नेला. भाजीचा एक थेंब त्याच्या दाढीच्या खुंटांवर पडला, तो त्याने घाईघाईने बाहीने पुसून काढला. बाही पुन्हा पुन्हा घासली. मग घास टोपलीच्या काठावर ठेवून दिला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

"काय झालं, आजोबा?" वकिलाने विचारलं. "पोट बरं नाही?"

"पोट चांगलं आहे त्याचं," लाकोत म्हणाली. तिने आपला घास त्याच्या घासाशेजारी ठेवला. "सांग, झकायो. आता सांग."

वकिलाचं चावणं थांबलं. त्याने ओत्तोकडे पाहिलं, न खाल्लेल्या दोन घासांकडे पाहिलं, आणि काहीतरी उमजून तो कॅमेरा बंद करायला उठला.

"राहू दे," झकायो म्हणाला. "चालू राहू दे रे, पोरा. एकदाच बोलणार आहे मी." मग तो लाकोतकडे वळला. "किदेगाची आई, तिळाची कापणी चालू होती. मी शेतात एकटा होतो. लाबेजा रानातून आला. म्हणाला, काका, मला धुऊन घे, माझ्या अंगाला रक्त लागलंय आणि ते झोपू देत नाही. मी विचारलं, कुणाचं? म्हणाला, लामोलातून आणलेल्या पोरांतलं एक. ओझ्याने दमून पोत्याखाली बसलं. आणि बसलं ते नेमकं माझ्यासमोर, म्हणाला, आणि मला ओळखलं."

"पुढे," लाकोत म्हणाली.

"म्हणालं, लाबेजादादा, मला जाऊ दे. मी लाकोतचा."

लाकोतने जमिनीवर हात टेकला. "माझं नाव घेतलं?"

"घेतलं. नाव घेतलं म्हणून मारलं, असं तो म्हणाला. ओळखणारा मागे ठेवायचा नाही, असा त्यांचा हुकूम असे. मी विळा फेकून मारला त्याला. हाकलून दिला. धुतलं नाही. पण तोंडाला कुलूप लावून बसलो. आधी बंदुकांना भ्यालो, मग वहिनीच्या म्हातारपणाला भ्यालो, ती लाबेजाची आई ना. मग इतका उशीर झाला की..."

"कुठे?"

"उतारावरच्या मोठ्या चिंचेखाली. वारूळ आहे तिथे. पूर्वेच्या अंगाला. पालापाचोळा टाकला म्हणाला वरून."

ती चिंच लाकोतच्या शेतावरून दिसत असे. त्या चिंचेच्या चिंचा तिने दर वर्षी पेजेत घातल्या होत्या. तिला वाटलं, आपण आता मोठ्याने रडणार, पण रडू आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला पुढचं काम काय आहे ते स्पष्ट दिसत होतं.

"ही साक्ष होत नाही, मावशी," वकील हलक्या आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "न जेवणं हा कोर्टात पुरावा नसतो. आणि मी लाबेजाचा वकील आहे. हे चित्रण मला कुणाला देता येणार नाही."

"नका देऊ. मी कुठे मागितलं? तुम्ही आपलं काम इमानाने करा."

"मलाही आता तुझ्याकडून साक्ष द्यायची नाही," झकायो वकिलाला म्हणाला. "समोरच्या वकिलांची गाडी दर आठवड्याला गुलूहून येते. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहीन. जे आज बोललो तेच बोलेन."

वकिलाने अर्धवट राहिलेल्या भाजीकडे पाहून विचारलं, "मी संपवली तर चालेल?"

"तुमचं कुठे कुणाशी वैर आहे? खा," लाकोत म्हणाली, आणि त्या सगळ्यात पहिल्यांदा अबालोला हसू फुटलं. लगेच तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली.

झकायो त्या गाडीपुढे जाऊन उभा राहिला. मग कोर्टाचे तपासणारे आले, चिंचेभोवती दोऱ्या बांधल्या, ब्रशांनी माती काढू लागले. लाकोत दोरीबाहेर पाय पसरून बसली होती. कुणी उठवायला आलं की म्हणायची, "मी काही हलवत नाही, पण हलणारही नाही." वारुळाच्या पूर्वेला, हातभर खाली, आधी टायरची चप्पल निघाली. पट्टा तुटला होता म्हणून लाकोतने तो तांब्याच्या तारेने शिवून दिला होता, आणि किदेगा चिडला होता, की मित्र हसतील. तार अजून जागेवर होती. "माझीच शिवण," ती म्हणाली, आणि मग मात्र ती रडली. सगळ्यांदेखत, मनसोक्त रडली.

झकायोने साक्ष दिली ती गुलूतल्या एका खोलीतून, पडद्यावरून. लामोला सगळं मैदानात जमलं होतं. लाबेजाच्या बाजूने तुम्वीनेचे वरिष्ठ उठले आणि त्यांनी म्हाताऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं. तारीख सांगा, साल सांगा, आधी का नाही सांगितलं? झकायोने जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. शेवटी मधल्या खुर्चीतल्या न्यायाधीशबाईंनी स्वतः विचारलं, "इतकी वर्षं गप्प राहिलात. मग आत्ताच का बोललात?"

झकायो विचार करून म्हणाला, "इतकी वर्षं मला त्या घरी कुणी जेवायला बोलावलं नव्हतं."

न्यायाधीशबाईंनी भाषांतर पुन्हा ऐकवायला सांगितलं. पुन्हा ऐकूनही त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. मैदानात मात्र ते एकदाच ऐकून सगळ्यांना कळलं. पडद्यावर लाबेजाने कानांवरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. काकाचं बोलणं समजायला त्याला त्याची गरज नव्हती. त्या दिवसानंतर तो रेडिओ दुरुस्तीबद्दल पुन्हा बोलला नाही. कबूलही काही केलं नाही.

निकाल लागला तेव्हा लामोलाचा आरोपही सिद्ध झाला. वारुळाजवळची हाडं, चप्पल, छावणीतल्या इतरांच्या साक्षी आणि झकायोचं बोलणं, सगळं एकात एक बसलं होतं. मैदानात बायकांनी जिभा हलवून आरोळ्या ठोकल्या. लोक लाकोतचे हात धरायला धावले. ती म्हणाली, "मला माहीतच होतं," आणि घरी जाऊन राखून ठेवलेली जागा खणायला लागली.

किदेगा घरी आला तो एका पेटीत, वर आकडे लिहिलेल्या. लाकोतने त्याला स्वच्छ चादरीत गुंडाळलं आणि रिकामी पेटी चुलीत घातली. अंगण माणसांनी भरून गेलं. बैल कापला होता. अबालोचा घसा ओरडून ओरडून बसला होता. माती सारून झाली, जेवणं सुरू झाली, तेव्हा आया येऊन लाकोतच्या कानाशी लागली. "मोठी आई, तो सकाळपासून तिथे उभा आहे."

कुंपणाबाहेर, उन्हात, झकायो काठीवर भार देऊन उभा होता. लाकोत उठली आणि कुंपणापाशी गेली. त्याचे ओठ सुकून फुटले होते. तिच्या घरात पाण्याची सात मडकी भरलेली होती आणि त्यांतला एक घोटही तिला त्याला देता येत नव्हता.

"किदेगाची आई," तो म्हणाला, "आमची माणसं भरपाईच्या गाई जमवतायत. ओपुतचं मूळही बघून ठेवलंय."

"गाई चरू देत. मूळ कुठे जात नाही. ज्याने मारलं त्याने येऊन तोंडाने सांगायचं, वाकायचं, मग प्यायचं. मधली वाट नाही."

"त्याला कैक वर्षांची शिक्षा झालीय. तो म्हातारा होऊन येईल. तोवर आपण कुठले असायला?"

"मी असेन," लाकोत म्हणाली.

तिने ते असं सांगितलं की झकायोने मान हलवली. तो वळला. चार पावलं गेल्यावर तिने मागून त्याला हाक मारली.

"झकायो! घरी जाऊन आधी पोटभर जेव. रोज जेवत जा. त्या दिवशी तुलाही वाकायचंय माझ्यासमोर."